बंद बाथरूम आणि गॅस गीझर : साफसफाई, देखभाल आणि थोडी एहतियात

थंडी पडायला लागली की नाशिक, मालेगाव, धुळे, परभणी या भागांत फज्रच्या वुजूसाठी गरम पाणी ही चैन राहत नाही, गरज होते. बटण दाबून पंधरा मिनिटं थांबायला वेळ नसतो, पहाटे लाइट असेलच याची खात्री नसते आणि विजेचं बिल तर सगळ्यांना माहीत आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत आपल्या मोहल्ल्यांमध्ये घरोघरी गॅस गीझर आले. नळ उघडला की टिक-टिक आवाज, भप्पकन ज्योत, आणि अर्ध्या मिनिटात गरम पाणी. वस्तू चांगली आहे, त्यात वाद नाही. पण दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरातून अंघोळीला गेलेला माणूस बाथरूममध्येच मृत सापडल्याची बातमी येते, आणि बातमीत बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात : गॅस गीझर, बंद खिडकी, आतून लावलेली कडी. नवरा-बायको, आई आणि मूल, होस्टेलवरचा विद्यार्थी, कुणीही. गीझर फुटलेला नसतो, आग लागलेली नसते, गॅसचा वासही येत नाही. म्हणूनच शेजारीपाजारी चक्रावतात.

या लेखात आम्ही गीझर कुठे बसवावा, साफ कसा करावा, काय घरी करावं आणि काय मेकॅनिकवर सोडावं, हे सांगणार आहोत. त्याआधी मुळात धोका कशाचा आहे हे नीट समजून घेऊ, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

दोन वेगळे गॅस

सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे गळाला तर जमिनीलगत साचतो. हे आपल्या माता-भगिनींना पाठ आहे.

बाथरूममध्ये जीव घेणारा गॅस मात्र हा नव्हे. तो सिलिंडरमध्ये नसतोच. गॅस जळताना हवा कमी पडली की तो तयार होतो, त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जेवढ्या जोराने धरतं, त्याच्या दोनशेहून अधिक पट जोराने या गॅसला धरून ठेवतं. श्वास चालू असतो, पण रक्त ऑक्सिजन वाहून नेत नाही. आधी पायातली ताकद जाते, मग विचार करण्याची. कडी दोन हातांवर असते आणि माणसाला ती उघडावी हे सुचत नाही किंवा सुचलं तरी उठता येत नाही. "गॅसचा वास आला असता तर कळलं असतं" हे वाक्य म्हणून इथे लागू पडत नाही.

आता थोडं गणित. (शिक्षकाच्या लेखात हे यायचंच!) मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला जवळपास एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १३ घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फूट बाथरूम, उंची नऊ फूट, म्हणजे जेमतेम ६ घनमीटर हवा. सगळं घट्ट बंद असेल तर कागदावर अर्ध्या तासाच्या आतच त्या खोलीतला सगळा ऑक्सिजन संपतो. पण विष तयार व्हायला एवढा वेळही लागत नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १८ च्या आसपास उतरला तरी ज्योत बिघडते आणि मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो; आणि १८ पर्यंत यायला त्याच हिशेबाने चार-पाच मिनिटं पुरतात. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येते म्हणून रोज अपघात होत नाही. आणि रोज होत नाही म्हणूनच लोक बेफिकीर राहतात.

जुम्म्याच्या किंवा ईदच्या सकाळी काय होतं ते आठवा. घरातले पाच जण एकामागून एक गुस्लला जातात, दार उघडतं ते फक्त माणूस बदलण्यापुरतं. पहिल्याला काही होत नाही. तिसरा बाहेर आल्यावर डोकं जड झालं म्हणतो. पाचवा, जो बहुधा सर्वांना मोकळं करून शेवटी गेलेला असतो, म्हणजे घरातली आई, तिच्या वाट्याला आधीच्या चौघांची खराब हवा येते.

अमेरिकेत घर गरम करायला धुराडं नसलेल्या गॅसच्या शेकोट्या मिळतात. त्यांच्यात ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या जवळ आला की गॅस आपोआप तोडणारा सेन्सर असतो. एवढं असूनही कॅलिफोर्नियासारख्या राज्यात त्या राहत्या घरात बसवायला मनाई आहे. आपल्याकडे धुराडं नसलेला गीझर त्या शेकोटीवाल्या हॉलच्या दहाव्या हिश्श्याएवढ्याही नसलेल्या मोरीत लावतात, आणि सेन्सर आहे का हे दुकानात कुणी विचारत नाही. विचारा. काही मॉडेल्समध्ये तो असतो. खोक्यावर आयएसआय खूण आणि आयएस १५५५८ हा क्रमांक आहे का तेही बघा.

जागा

खरं सांगायचं तर साफसफाईपेक्षा जागेचा मुद्दा मोठा आहे. गीझर बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत किंवा मागच्या मोकळ्या जागेत, पावसापासून आडोसा करून बसवावा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. पाइप पाच-सात फूट लांबला तर सुरुवातीचं अर्धी बादली पाणी कोमट येतं, एवढाच तोटा. आमच्या मते ज्याच्याकडे गॅलरी आहे त्याने दुसरा विचारच करू नये. सिलिंडर तर कधीही बाथरूममध्ये नको; जड गॅस गळून मोरीत साचला तर निघायला वाट नाही.

गॅलरी नसेल, भाड्याचं घर असेल, मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर मग निदान धुराड्याचा पाइप असलेलं मॉडेल घ्यावं आणि तो पाइप थेट मोकळ्या हवेत काढावा. त्याची जाडी मध्येच कमी करायची नाही, वळणं जितकी कमी तितकी बरी, आणि बाहेरच्या तोंडाला टोपी हवी. बऱ्याच अपार्टमेंटमध्ये हा पाइप डक्टमध्ये सोडलेला असतो. त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यावरच्यांची बाथरूमची खिडकी उघडते. आपला धूर दुसऱ्याच्या घरात जाऊ नये, हे शेजाऱ्याच्या हक्कात येतं.

एक्झॉस्ट फॅनबद्दल लोकांचा गोंधळ असतो. फॅन लावला म्हणजे झालं असं नाही. फॅन हवा बाहेर ओढतो, तेवढीच हवा आत यायला जागा पाहिजे. दार घट्ट, खिडकी बंद आणि फॅन चालू असेल तर हवा गीझरच्या धुराड्यातूनच उलटी आत ओढली जाते, म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात. म्हणून दाराच्या खालच्या भागात जाळी किंवा निदान दोन बोटं फट हवी, आणि वर खिडकी किंवा फॅन. थंडीत काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र चिकटवायची सवय अनेक घरांत आहे. तो पुठ्ठा आजच काढा.

साफसफाई कशी करावी

गीझरच्या आत वर तांब्याच्या पातळ पत्र्यांची जाळी असते. तिच्यातून पाण्याची नळी फिरते आणि खालची आच त्या पत्र्यांमधून वर जाते. या पत्र्यांमध्ये काजळी, धूळ, कपड्यांचा तंतू बसला की धूर वर निघत नाही. धूर अडला की खालून हवा कमी येते, हवा कमी आली की आणखी काजळी. असं हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही. धूळ कमी असते तेव्हाच काढायची, वाट बघायची नाही, ते याचसाठी. वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडावर, जाणकार मेकॅनिककडून पूर्ण साफ करून घ्यावा. बोअरचं जड पाणी असेल किंवा घरात माणसं जास्त असतील तर दोनदा.

घरी करायचं काम थोडं आहे, पण क्रम चुकवू नका. आधी रेग्युलेटर बंद. मग नळ उघडून गीझरमध्ये राहिलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या. पाण्याचा कॉक बंद करा, खालच्या डबीतले दोन मोठे सेल काढा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. त्यानंतर पुढची बटणं ओढून काढली आणि स्क्रू सोडले की कव्हर निघतं. सुक्या मऊ ब्रशने बर्नरवरची धूळ आणि दिसेल तेवढी पत्र्यांवरची काजळी वरून खाली झाडायची. ओलं फडकं बर्नरवर फिरवायचं नाही. बर्नरच्या बारीक छिद्रांत सुई किंवा तार घालायची नाही. काही जण मोठ्या हौशीने घालतात, आणि छिद्र मोठं झालं की गॅस जास्त सुटतो, ज्योत कायमची पिवळी होते. बर्नरच्या नळ्यांच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं असतंच असतं, खास करून उन्हाळाभर गीझर बंद ठेवला असेल तर. ते ब्रशनेच ओढून काढावं.

पाणी आत येतं तिथे नटच्या आत छोटी जाळी असते. ती काढून जुन्या टूथब्रशने घासा, खार बसला असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा. "गीझर पेटतच नाही" या तक्रारींपैकी कित्येक तक्रारी या जाळीच्या आणि सेलच्या असतात. पाण्याचा दाब कमी पडला तर आतला पडदा सरकत नाही आणि गॅसची वाट उघडत नाही. सेल दर हिवाळ्याला नवे घाला, आणि उन्हाळ्यात गीझर वापरत नसाल तर काढून ठेवा, नाहीतर आत गळून डबी खराब होते. सेल अशक्त झाले की ठिणगी पडायला उशीर होतो, तोवर गॅस जमतो आणि मग मोठा भडका उडून पेटतो. असा भडका दोनदा दिसला की तिसऱ्यांदा प्रयोग नको.

गॅसचा व्हॉल्व्ह उघडणं, जेट बदलणं, तांब्याच्या नळीतला खार ॲसिडने काढणं, सेन्सरची वायर बायपास करणं, यांपैकी काहीही घरी करू नये. शेवटचं तर मेकॅनिकलाही करू देऊ नये. "सेन्सर सारखा बंद पाडतो, डायरेक्ट करून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पाइपचा गॅस नव्याने आला असेल तर एलपीजीचा गीझर तसाच त्यावर जोडता येत नाही. दोन्ही गॅसचा दाब आणि जेट वेगळे असतात.

कव्हर लावल्यावर रेग्युलेटर चालू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे बहाद्दर अजून आहेत, म्हणून लिहावं लागतं : काडी नाही. रबरी नळी आयएसआय खुणेची 'सुरक्षा' नळीच असावी, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी, चांगली दिसत असली तरी, बदलायची. नळीवर तारीख छापलेली असते.

ज्योत काय सांगते

पुढच्या छोट्या काचेतून आठवड्यातून एकदा बघत जा. ज्योत निळी, आखूड, सगळ्या बर्नरवर सारखी आणि स्थिर हवी. टोकं पिवळी किंवा केशरी, ज्योत लांब आणि डुलणारी, कव्हरच्या वरच्या फटीजवळ काळे डाग, बाथरूमच्या छतावर काळपट छटा, खिडकीच्या काचेवर नेहमीपेक्षा जास्त दव, यांपैकी काहीही दिसलं तर गीझर बंद, आधी मेकॅनिक. मात्र उलटं खरं नाही. ज्योत निळी आहे म्हणजे सुरक्षित असं समजू नये. बंद खोलीत निळी ज्योतही हवा खातच असते.

धुराडं असेल तर आणखी एक साधी तपासणी आहे. साबणाने गळती तपासून झाल्यावर, गीझर पाच मिनिटं चालवून, पेटवलेली उदबत्ती धुराड्याच्या तोंडाखाली धरा. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. धूर तुमच्या तोंडावर आला तर वर कुठेतरी चिमणीने घरटं केलेलं आहे किंवा पाइप चुकीचा आहे.

बादली भरा, बंद करा, मग अंघोळ

गीझर आतच असेल तर सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा नियम हा : दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्यायची, गीझर बंद करायचा, पाच मिनिटं हवा खेळू द्यायची, मग आत जाऊन कडी लावायची. शॉवर या गीझरवर घेऊच नये. वुजूसाठी तर एक लोटाभर गरम पाणी पुरतं, दार लावायची गरजच नाही. दोन जणांच्या अंघोळीत दहा मिनिटं दार सताड उघडं राहिलं पाहिजे. आतून कडी न लावता नुसतं दार ओढून घ्यायचं, आणि बाहेरच्याने मधूनमधून हाक मारायची. पर्द्याचा प्रश्न असेल तर बाहेर पडदा लावता येतो.

बाळंतिणीच्या बाबतीत आम्ही जास्त आग्रहाने सांगतो. चिल्ल्याचं नहान म्हणजे भरपूर कडक पाणी, बराच वेळ, वारा लागू नये म्हणून सगळं बंद, आणि सोबत तान्हं बाळ. वारा लागू नये ही काळजी बरोबर आहे, पण गीझर पेटता ठेवून ती घ्यायची नाही. पाणी बाहेर तापवून आत न्यावं. तसंच खाटेखाली कोळशाची शेगडी ठेवून, लोबान घालून, दारं लावून शेक देण्याची रीत. कोळशातून हाच गॅस निघतो, ज्योत दिसत नसतानाही. शेगडी शेकापुरती, दार उघडं ठेवून, आणि झोपण्यापूर्वी खोलीबाहेर. रात्री झोपताना आग विझवण्याची ताकीद तर हदीसमध्येच आहे. गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळाला हा गॅस आईपेक्षा जास्त बाधतो.

चक्कर, फेफरं की 'असर'?

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, पायात गोळे नसल्यासारखं वाटणं, बोलण्यात घोळ, मग शुद्ध हरपणं, काही वेळा झटके. ताप नसतो. मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतं, हीच मोठी खूण. डॉक्टरांच्या भाषेत याला 'गॅस गीझर सिंड्रोम' असं नावही पडलं आहे. आपल्याकडे बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या मुलीवर साया पडला, असर झाला, असं म्हणून पाणी फुंकून आणायला धावतात. दुआ जरूर करा, पण आधी हवा, मग ऑक्सिजन, मग बाकी सगळं. आणि अशा मुलीच्या मागे 'फिट येते' हा शिक्का लागून स्थळं परत जाऊ नयेत, म्हणूनही कारण शोधणं आवश्यक आहे.

कुणी आत पडलेलं दिसलं तर दार उघडताच आधी श्वास रोखून गॅस बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. आतच बसून तोंडावर पाणी मारत राहिलात तर तुम्हीही पडाल. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर छाती दाबणं सुरू करा. दवाखान्यात पहिलं वाक्य "गॅस गीझर चालू होता" हे असू द्या. कोरोनानंतर घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. साधं ऑक्सिमीटर ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि मोनॉक्साइड धरलेलं रक्त यांत फरक करू शकत नाही, ९८ दाखवतं आणि घरचे निर्धास्त होतात. त्यासाठी रक्ताची कार्बॉक्सीहिमोग्लोबिन तपासणी असते, ती मागावी. साध्या हवेत हा गॅस रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तासा-दीड तासात. शुद्धीवर आलेल्या माणसाला काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं असा त्रास दिसू शकतो, म्हणून पुन्हा दाखवायला न्यावं.

वुजूखाना आणि अलार्म

मस्जिदीच्या वुजूखान्यात गीझर असेल तर तो बहुधा उघड्या पडवीत असतो, धोका कमी. पण थंडीत तीच पडवी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने बंद केली जाते आणि चार नळांना सतत पाणी देत गीझर तासभर जळत राहतो. इंतेजामिया कमिटीने ताडपत्री वरच्या बाजूने आणि खालून हातभर मोकळी ठेवावी, आणि आतल्या गुस्लखान्यात गीझर मुळीच लावू नये. पुढची काही वर्षं रमजान हिवाळ्यातच येणार आहे. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, २०३० मध्ये तर जानेवारी आणि डिसेंबर असा एकाच वर्षात दोनदा. चांद एक दिवस मागेपुढे. सहेरीच्या गर्दीत गरम पाण्याची मागणी वाढेल, तेव्हा मेकॅनिकला शाबानमध्येच बोलावून घेतलेलं बरं. एलपीजी गळतीची तक्रार चोवीस तास १९०६ या क्रमांकावर करता येते.

बाजारात अलार्म घ्यायला गेलात तर दुकानदार बहुतेक वेळा एलपीजी गळतीचा अलार्म हातात देतो. तो वेगळा, तो सिलिंडरजवळ, जमिनीलगत लावतात. आपल्याला हवा तो कार्बन मोनॉक्साइडचा, खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलेला. हा गॅस हवेत मिसळून सगळीकडे पसरतो, त्यामुळे अलार्म बाथरूमच्या दाराबाहेर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर लावावा. आत वाफेने तो बिघडतो. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून आवाज ऐकायचा, आणि मागे छापलेली मुदत संपली की, वाजत असला तरी, बदलायचा.